साडेपाच मीटरवरचा फोकस

"ताई, एकच सांगा. लेन्स बिघडलीय की सुदेश?"

मेल्विनने फोनवर नमस्कार-चमत्कार न करता थेट हेच विचारलं. मेल्विनचा वसईत लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे आणि मी त्याची एडिटर. शूटिंग त्याची माणसं करतात. मी तुळिंजला माझ्या घरी बसून त्यातून फिल्म कापते. सुदेश हा त्याचा दुसरा कॅमेरामन.

तक्रार निर्मळ गावातल्या एका हळदीची होती. नवऱ्यामुलाच्या मोठ्या काकीने ट्रेलरसाठीच्या क्लिप बघितल्या आणि मेल्विनला झाप झाप झापलं. ती पुतण्याला हळद लावतेय आणि नेमकी तिथेच धूसर दिसतेय. बरं, एकदा नाही, तीन क्लिपमध्ये.

"काकी म्हणते, आम्ही काय भुतं आहोत का? लेन्स असेल तर सर्व्हिसला टाकतो. सुदेश असेल तर या सीझनला दुसरा माणूस बघतो. सोमवारी मला सांगा."

सुदेशला मी चार वर्षं ओळखत होते आणि एकदाही भेटले नव्हते. एडिटरचं असंच असतं. माणूस बघितलेला नसतो, पण त्याचा हात कळतो. सुदेश पंगतीत वाढणाऱ्यांचे हात कॅमेऱ्यात घ्यायचा. पाठवणीत सगळे नवरीवर कॅमेरा रोखतात, तेव्हा तो गाडीचं दार धरून उभ्या असलेल्या भावाकडे वळायचा. रेकॉर्डिंग सुरू करताना हलकंसं खाकरायचा, तेही मला पाठ होतं. तो मात्र मला ओळखत नव्हता. त्या लग्नांतलं कोणीच मला ओळखत नाही. आई गेल्यापासून घरात मी एकटी. दुसऱ्यांची इतकी लग्नं बघितली की हौस फिटली, असं मी विचारणाऱ्याला सांगायचे. आता विचारणारंही कोणी उरलेलं नाही. दिवसभर घरात सनई वाजत असते, त्यामुळे मजल्यावरच्या लोकांना वाटतं, बाईकडे बरीच वर्दळ आहे.

असो. क्लिप धूसर का आली, हे शोधायला नुसतं चित्र बघून भागत नाही. हल्लीचा कॅमेरा चित्राबरोबर स्वतःची सेटिंग्जही नोंदवून ठेवतो. शटर किती होता, आयएसओ म्हणजे उजेडासाठीची संवेदनशीलता किती ठेवली होती, रंगाचा तोल कुठला होता. या नोंदीला मेटाडेटा म्हणतात. काही कॅमेरे त्यात फोकस ऑटो होता की मॅन्युअल आणि किती अंतरावर होता, हेसुद्धा लिहितात. मला तेच हवं होतं.

माझ्याकडच्या क्लिप उघडल्या तर त्यात काहीच नाही. कारण साधं होतं. मेल्विनच्या ऑफिसातून मला मूळ फुटेजच्या हलक्या कॉपी येतात, म्हणजे माझा कॉम्प्युटर दमत नाही. कॉपी करताना ही सगळी नोंद गळून जाते. मी मेल्विनला फोन केला.

"मला मूळ कार्डाचं अख्खं फोल्डर हवंय. नुसते व्हिडिओ नकोत, बाजूच्या बारीक फाइलीपण."

"त्या कचरा फाइली? त्या कोण ठेवतो, ताई?"

"सुदेश ठेवतो. त्याच्या कार्डाचं फोल्डर बघ, जसंच्या तसं असेल."

होतंच. मेल्विन हार्ड डिस्क घेऊन स्कूटरवर आला. मी वरून म्हटलं, चहा टाकते. तो खालून म्हणाला, "नको ताई, लिफ्ट सुरू झाली की येतो." आमची लिफ्ट गेल्या दिवाळीपासून बंद आहे. चार मजले उतरून डिस्क मीच आणली.

मूळ फाइलींत सगळं होतं. शटर बरोबर, आयएसओ बरोबर, रंगाचा तोल मांडवातल्या दिव्यांना साजेसा. आणि पुढे लिहिलेलं: फोकस मोड, मॅन्युअल.

इथपर्यंत सुदेशची बाजू लंगडी होती. मॅन्युअल म्हणजे फोकसची रिंग त्याच्याच हातात होती. मग मी अंतर बघितलं. नवरामुलगा कॅमेऱ्यापासून दोन मीटरवर पाटावर बसलेला. क्लिप सुरू होताना फोकसही दोन मीटरवर. मग तो सावकाश मागे सरकत साडेपाच मीटरवर जातो आणि तिथेच थांबतो. कॅमेरा स्वतः गोंधळतो तेव्हा फोकस पुढे-मागे धडपडत राहतो. इथे धडपड नव्हती. तिन्ही क्लिपमध्ये तोच प्रवास, तेच साडेपाच मीटर. लेन्स धडधाकट होती. चूक झालीच नव्हती, त्याने मुद्दाम केलं होतं.

साडेपाच मीटरवर काय होतं, ते हलक्या कॉपीत कळत नव्हतं. मूळ चित्र मोठं केलं. मागे स्वयंपाकघराचं दार होतं आणि दारात एक बाई उभी होती. फिक्या रंगाची साडी, गळा मोकळा, पदराला हळदीचे डाग. ती नवऱ्यामुलाकडे बघत होती. भिंतीवर हार घातलेला फोटो होता, चेहऱ्यावरून तो मुलाच्या वडिलांचाच. मग सगळा उलगडा झाला. विधवेने हळदीला पुढे यायचं नाही, हे अजून कित्येक घरांत कोणी न सांगता पाळलं जातं. क्लिपच्या सुरुवातीला हळदीची वाटी दारातून काकीच्या हातात देणारा हात तिचाच होता.

मी लग्नाचं सगळं फुटेज पुन्हा चाळलं. मुलाची आई आणखी कुठेच नव्हती.

आता पंचाईत अशी की खरं सांगितलं तर सुदेश जाणार, आणि लेन्सवर ढकललं तर मी खोटी. शेवटी मी सुदेशलाच फोन लावला. मी कोण, हे सांगायला मला दोन वाक्यं लागली.

"मुलाच्या आईंना मी तीनदा म्हटलं, पुढे या," तो म्हणाला. "त्या नुसत्या हसल्या. त्या येत नव्हत्या, म्हणून मी फोकस तिकडे नेला."

"मेल्विनला काय सांगू?"

"आहे ते सांगा, मॅडम."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या आठवड्यात कामाशिवाय एवढं कोणाशी बोललेच नव्हते. खरं तर हेही कामाचंच होतं.

मेल्विनला मी आहे ते सांगितलं. तो उखडला. "चुकून झालं असतं तर समजून घेतलं असतं. मुद्दाम केलं म्हणजे जास्त वाईट ना?"

"आधी मी पाठवलेला फोटो बघ."

त्याने फोटो उघडला. "कोण ही?"

"नवऱ्यामुलाची आई. अख्ख्या लग्नात ती एवढीच आहे."

"ऑर्डर काकांची आहे, ताई. काकीला चाललं नाही तर मी त्याला ठेवू शकत नाही."

"काकीचं माझ्यावर सोड."

पहिल्या कॅमेऱ्यात काकी भरपूर होती. मी तिला सढळ हाताने वापरली. हसताना, हळद लावताना, नथ सावरताना. मध्ये सुदेशच्या तीन क्लिपपैकी सगळ्यात लांब शॉट अख्खा ठेवला. पुढचे हात धूसर होतात आणि दारातली आई स्पष्ट होते. तिथे सनई काढून टाकली, मांडवातला गलका तसाच राहू दिला. कापताना मला रडू आलं. कामावर मी सहसा रडत नाही.

फिल्म गेली आणि दोन दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ताई, मी तेजस, निर्मळहून. लग्न माझंच होतं. काकी खूश आहे."

"बरं झालं."

"तो आईचा शॉट थोडा लांबवता येईल का?"

"नाही रे, तो आहे तेवढाच आहे."

"ती पुढे येत नव्हती आणि मीपण काही बोललो नाही. मला वाटलं, कोणाच्या लक्षात नाही येणार."

"आईने बघितली का फिल्म?"

"बघितली. म्हणाली, मला कोणी कॅमेऱ्यात घेतंय हे माहीत असतं तर बरी साडी नेसले असते."

सुदेश राहिला. मेल्विनने फक्त एक अट घातली, यापुढे फोकस ऑटोवर. ऑटो म्हणजे सगळ्यात जवळचा चेहरा कॅमेराच पकडतो. त्यानंतर एकही तक्रार नाही. पुढचे सगळे चेहरे लख्ख येतात आणि मागे दारात कोणी असलंच तर ते धूसर असतं.

या कामातून मी शिकले ते एवढंच. कार्डावरची एकही फाइल कचरा समजून टाकू नये. आणि फोकस कुठे होता हे मेटाडेटा सांगतो, का होता हे विचारायला फोनच करावा लागतो.

सुदेशचं फोल्डर आलं की मी आजही आधी ती नोंद उघडते. फोकस मोड, ऑटो. पुढची क्लिप, ऑटो. शेवटच्या क्लिपपर्यंत बघते आणि मग कामाला लागते.