पिणं

दादानं दारू सोडली तो मंगळवार होता.

दादा माझा थोरला भाऊ. धारूरच्या डोंगरात मेंढरं राखायचा. मूत्रपिंडं कामातून गेली होती, डायलिसिस सुरू झालं होतं. डॉक्टर म्हणाले, "पिणं एकदम कमी करा. मीठ तोडा." घरी येऊन त्यानं देवापुढचा भंडारा उचलला आणि शपथ घेतली. कमी कशाला, बंदच.

वहिनी आळणी रांधू लागली. तलफ आली की दादा पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचा. भेटायला येणारे शहाळी आणायचे. पूर्वी सोबत बसणारा एक मित्र एकदा म्हणाला, "काय बे, शहाळ्यावर आलास?"

"चढत न्हाई," दादा म्हणाला, "पण बायकू भांडत बी न्हाई."

पाय मात्र सुजत राहिले. चार पावलांत दम लागायचा.

मी आष्टीला मराठी शिकवतो. सुट्टीत पहिल्यांदाच त्याच्याबरोबर दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी वजन पाहिलं. "पिणं किती चाललंय?"

"भंडाऱ्याची आण, थेंब न्हाई."

"दरवेळी हेच सांगता. मग अंगात एवढं पाणी कुठून साठतं?"

"पाणी व्हय?" दादा म्हणाला. "ते पितो की तांब्या-तांब्या. अन् शहाळी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी सावकाश सांगितलं: दारू सोडली ते चांगलंच झालं, पण पिणं म्हणजे पाणी, चहा, ताक, सगळंच. अंगातलं पाणी आता बाहेर पडत नाही, ते छातीत साठतं, हृदयावर ताण येतो. शहाळ्यातले क्षार तर तुम्हाला विषासारखे.

बाहेर आल्यावर दादा बाकावर टेकला. "पाण्याला कुणी पिणं म्हणतं का बे? तू शाळा शिकलास, तूच सांग."

आमच्या गावात 'तो पितो' म्हटलं की काय पितो, हे कुणी विचारत नाही. एवढ्या दिवसांत त्या शब्दावर कुणीच अडलं नव्हतं.

त्यानंतर वहिनी पेल्यानं मापून पाणी देऊ लागली. उन्हाळा होता. तो बर्फाचा खडा गालात धरून मेंढरांकडं बघत बसायचा. जनावरांना पाणी पाजण्याला आमच्याकडे पाणी दाखवणं म्हणतात. एका दुपारी वहिनी मेंढरांना पाणी दाखवून आली, तेव्हा तो हसून म्हणाला, "मेंढरांला दाखवती म्हनती अन् पाजती. मला तेवढं खरंच नुसतं दाखवती."

वहिनी हसली नाही. आत निघून गेली.

पण हृदय आधीच थकलं होतं. पावसाळ्याच्या तोंडावर तो गेला. शपथ शेवटपर्यंत मोडली नाही.

मेंढरं अजून आहेत. त्यांना पाणी वहिनी दाखवते.