साडूंनी जोडलेला प्रिंटर

माझ्या साडूंनी मला फसवलं. सांगलीच्या बाजारात दुसऱ्या कोणाला ते आजवर जमलेलं नाही. पायपांचं दुकान मी शून्यातून उभं केलं आहे. कंपनीचा माणूस दर सांगायला तोंड उघडतो, तोवर मी निम्म्यावर येऊन बसलेला असतो. अशा मला गुंडाळलं ते आष्ट्याच्या एका निवृत्त फौजी माणसानं, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी.

जगातली कुठलीही वस्तू दुसऱ्या कुठल्याही वस्तूला वायरीनं जोडता येते, अशी साडूंची श्रद्धा. फौजेत ते टेलिफोनच्या तारा ओढायचे आणि घरी आल्यावरही थांबले नाहीत. गोठ्यातला पंखा स्वयंपाकघरातून चालू व्हायचा. मळ्यातल्या मोटारीपासून घरापर्यंत त्यांनी स्वतःचा टेलिफोन टाकला होता. त्यावर मेव्हणी रोज एकच विचारायची, "जेवाया येताय का न्हाई?" आणि हे ताठ बसून सांगायचे, "संदेश मिळाला. ओव्हर." मेव्हणी गेली, त्यानंतर त्यांनी ती तार गुंडाळून माळ्यावर टाकली.

त्याच सुमारास, म्हणजे नव्वदचं दशक सरता सरता, मी दोन कंप्युटर घेतले. एक खाली दुकानात, एक वर घरात मुलीसाठी. प्रिंटर मात्र एकच, कुठल्याशा कचेरीच्या लिलावात साडूंच्या भरवशावर उचललेला. तो सुरू झाला की आम्ही शेंगा फोडायचं यंत्र आणलंय, असं शेजाऱ्यांना वाटे. दुकानात त्याच्यापुढे गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू येईना, म्हणून त्याला वर नेलं. मग कोटेशन खाली करायचं, फ्लॉपीत घालून जिना चढायचा, छापून उतरायचं. तोवर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात चहा पीत असायचं. "वायर टाकून देतो," साडू म्हणाले. "तुमी खाली बटण दाबा, वर छापंल."

फुकटचं काम मी कोणाचं घेत नाही, त्यात उपकार राहतात. रीतसर सौदा केला. काम पूर्ण होईपर्यंत त्यांना रविवारचं जेवण. त्यांनी दर रविवारी मटण मागितलं, मी एकाआड एक रविवारावर आणलं.

मग रविवार सुरू झाले. सकाळच्या एसटीनं साडू उतरायचे, खांद्यावर काळ्या जाड वायरीचं वेटोळं. ती वायर खिडकीतून निघून शेवग्याच्या झाडावरून दुकानात उतरली. उंदरांना गोड लागू नये म्हणून तिला तंबाखूचं पाणी फासलं गेलं. मी शेजारी उभा असलो तरी ते शत्रूच्या हद्दीत असल्यासारखे "हॅलो, टेस्टिंग" ओरडायचे. जेवणानंतर बायकोशी तिच्या बहिणीच्या गोष्टी निघायच्या. चहाच्या वेळेपर्यंत प्रिंटर खालून झकास चालायचा. साडू गेले, की सोमवारी मुका.

"पावणं, तुम्ही गेलात की हा बंद पडतो," मी म्हणायचो.

"जुना हाय. माणसाची सवय लागलीया त्याला."

"सवय मोडा, नाहीतर मटण बंद करतो."

"करा की. आमटी वाढा. पर काम अर्धं टाकून मी जायचा न्हाई, आदीच सांगतो."

मी तापायचो. बायको खाली मान घालून भाकरी वाढायची.

पुढे त्यांचा मुलगा त्यांना नाशिकला न्यायला आला. शेवटच्या रविवारी साडूंनी वायरीला हातसुद्धा लावला नाही. वर प्रिंटरजवळ थोडा वेळ बसले, त्याच्यावरची धूळ पुसली आणि गेले. सोमवारी मी खालून बटण दाबलं, तर वर खडखडाट. मंगळवारीही तेच. मी जिना चढून वायर तपासली. वरच्या कंप्युटरमागे तिच्या टोकाला पेनाच्या टोपणाएवढं एक चकचकीत टोपण बसवलेलं होतं. मी ते कधीच पाहिलं नव्हतं.

"ते काढलं की वायर मुकी होते," बायको मागून म्हणाली. "दाजी जाताना काढून खिशात टाकायचे. आले की परत बसवायचे."

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या रविवारपासून. काम त्याच दिवशी झालं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"काम पूर्ण होईपर्यंतच जेवण, असं तुमचंच ठरलं होतं ना?" एवढं बोलून ती चहा टाकायला गेली.

प्रिंटर आता बिनतक्रार चालतो. गिऱ्हाईक जागचं हलत नाही. रविवारी दुकान बंद असतं. त्या दिवशी वरच्या घरात कोणी ओरडत नाही, आणि शेवग्यावरच्या वायरीवर कावळा बसतो.

पण फसवणूक ती फसवणूक. सौदा माझा होता, शब्द माझेच होते, मान्य. पण पायपांच्या दुकानदाराचं बोलणं घरच्या माणसानं इतकं खरं धरायचं असतं? मेव्हणी राहिली नाही म्हणून माझ्या दारात यायला त्यांना निमित्त लागतं, हे त्यांना सांगितलं कोणी? मला याचा जाब पाहिजे. पत्रावर भागणार नाही, फोनवर तर नाहीच. साडूंनी स्वतः यावं आणि माझ्यासमोर पाटावर बसून उत्तर द्यावं. येतील त्या रविवारी मटण आहे.