मधली हातभर जागा

पुण्याहून जुना ऑटोफोकस कॅमेरा आणला तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं. स्वस्त, साबणाच्या डबीइतका हलका, शर्टाच्या खिशात मावणारा. काही फिरवायचं नाही, अंतर मोजायचं नाही, बटण दाबलं की झालं. खोडदच्या शिवारात बैल, विहिरी, कांद्याची फुलं टिपत सुटलो. आईबापाचा फोटो मात्र एकच काढला, बांधावर, ऊन कलल्यावर. मागं गावाजवळच्या रेडिओ दुर्बिणीची थोरली, तारांच्या जाळीची अँटेना होती.

"जवळ उभे राहा," मी म्हणालो. शेजारची माणसं बघत होती. दोघांत हातभर जागा राहिलीच.

रोल संपायचा होता म्हणून धुवायला टाकला नाही. दोन महिन्यांत आई गेली. तिचा दुसरा फोटो घरात नव्हता. दहाव्याला लावायला तरी हवा म्हणून अर्धाच रोल घेऊन जुन्नरच्या स्टुडिओत पळालो.

फोटोत अँटेनाच्या जाळीची तार न् तार मोजता येत होती. आईचं तोंड मात्र पुसल्यासारखं.

"कॅमेरा मधोमध बघतो, भाऊ. मधी कुणीच न्हाई, मग त्याची नजर पार मागं गेली," स्टुडिओवाला म्हणाला. मी त्याच्या पाया पडलो. नुसते डोळे तरी दिसू देत म्हणालो. त्यानं निगेटिव्ह पाकिटात घालून परत दिली.

घरी येऊन कॅमेऱ्याला नाही नाही त्या शिव्या घातल्या. बाप फोटो हातात धरून बसला होता.

"त्याला कशाला बोलतो," तो म्हणाला. "ती सरकली व्हती जवळ. मीच लांब झालो."