दिवसा सांगितलेली गोष्ट

दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, असं आमच्याकडं म्हणतात. मला ते ऐकून रागच यायचा. मामा काय दूधखुळा असतो वाट चुकायला? पोरांनी कामाच्या वेळी मागं लागू नये म्हणून थोरांनी काढलेली ती पळवाट! मायसुद्धा हसण्यावारी न्यायची. "माझा भाऊ पिंपळगावच्या रेणुकाईच्या जत्रेहून डोळे मिटून घरी येतो. तो कशाचा चुकतो!" असं म्हणून भर उन्हात, कापसाच्या वावरात, खुशाल गोष्ट सुरू करायची.

तिची अट एकच, हुंकार. वेचता वेचता बायांनी "हूं" म्हणत राहायचं. हुंकार थांबला की गोष्ट बंद. मागं पडलेल्या बाईला ऐकू यायचं न्हाई, म्हणून सगळ्या मायच्या बरोबरीनं हात चालवायच्या. राजकन्येचं लग्न लागेपर्यंत अर्धं वावर वेचून व्हायचं. दोघी भांडल्या की माय दोन जावांची गोष्ट काढायची, आणि मंग त्या दोघीच आधी हसायच्या.

माझ्या धाकट्या भावाला निजामाच्या शाळेत उर्दू होती, अक्षरं काही त्याच्या टाळक्यात शिरेनात. मायला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तिनं त्याच्याकडून पाटीवर अक्षरं काढून घेतली. "ही थाळी. खाली एक दाणा सांडला, ही तुझी 'बे'. वर दोन दाणे, ही 'ते'. आता हे दाणे कोणत्या चिमणीनं सांडले, सांगू?" त्या चिमणीपायी पोरगं बिलकुल न चुकता वाचायला लागलं.

मंग तो धामधुमीचा काळ आला. मामा एका पहाटे भाकरी बांधून हद्दीपलीकडं, वऱ्हाडात गेला. निजामाच्या राज्याविरुद्ध लढणारी पोरं तिकडं छावण्या करून राह्यली होती. मायचा तो एकुलता एक भाऊ. त्या दिवसापासून तिनं दिवसा गोष्ट सांगणं बंद केलं.

बाया लई गळ घालायच्या. वावरात कुरबुरी वाढल्या, काम रेंगाळायला लागलं. शेजारची एक म्हातारी रोज चिडवायची, "अगं, तूच म्हणायचीस ना, तो चुकत न्हाई म्हणून?"

"म्हणायची," माय म्हणायची, "तवा तो घरी होता."

मला मायचं हसू यायचं. तरी दिवसा कोणी गोष्ट काढली की मीही त्याला गप्प करायला लागले.

निजामाचं राज्य गेलं. गेलेली पोरं एकेक करून परत आली. माय दिवेलागणीला दारात उभी राहायची, वाटेकडं बघत. पुन्हा वेचणी सुरू झाली तरी मामाचा पत्ता न्हाई. शेवटी बाप चौकशीला जालन्याला गेला. दुसऱ्या दिवशी तो परस्पर वावरातच आला, मायला बांधावर घेऊन बसला, काहीतरी हळू बोलला. मायनं तोंडाला पदर लावला. आम्हाला कोणी काही सांगितलं न्हाई.

सकाळी ती रोजच्यासारखी कमरेला ओटी बांधून आली. ऊन डोक्यावर आलं, आणि तिनं आपण होऊन सुरुवात केली, "एक होता राजा. त्याला होती एक बहीण."

धाकटा भाऊ घाबरून ओरडला, "माय, दिवसा न्हाई! मामा वाट चुकल ना!"

मायनं बोंडातला कापूस ओढला, ओटीत टाकला. "आता न्हाई चुकत, बाळा."

तेव्हा मला कळलं की माझा मामा गेला. म्हातारी मटकन खाली बसली. बायांचे हात जागच्या जागी थांबले. कोणीच हुंकार देईना, आणि माय तशीच वाट बघत उभी राहिली. मी समोरच्या बोंडाला हात घातला. मंग मी म्हणलं, "हूं."