बाईंचा हलका हात

रॉक बँडचा ड्रमर म्हटलं की घाम, आदळआपट, मोडक्या काठ्या. आमच्या बाई मात्र इतक्या हलक्या हाताने वाजवायच्या की नवखा माणूस विचारायचा, "ड्रमचा माइक बंद हाय का?" दोन गाणी झाली की तोच माणूस पायाने ठेका धरायचा.

बाई रेणापूरजवळच्या शाळेत शिकवायच्या आणि रविवारी लातूरला आमच्या सरावाला, कार्यक्रमाला यायच्या. आम्ही त्यांच्याहून बरेच लहान, त्यामुळे शाळेतल्या पोरांसारखं 'बाई'च म्हणायचो. त्यांचे वडील भीमगीतांच्या गायनपार्टीत ढोलकीवर बसायचे. "आधी शब्द ऐक, मग हात उचल," एवढंच त्यांनी लेकीला शिकवलं होतं. गायक श्वास घ्यायला थांबला की बाईंच्या काठ्याही थांबत. एकदा मी ती मोकळी जागा गिटारने भरून टाकली. बाई म्हणाल्या, "लई घाई करायलास. त्याला दम तर घेऊ दे की!"

पुढे बाईंचं छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. उजवा हात सुजला, खांद्याच्या वर जाईना. "दुसरा कुणी बघा रे," त्या म्हणाल्या. आम्ही ऐकलं नाही. झांजेचा स्टँड खाली घेतला. त्या बहुतेक डाव्या हातानेच वाजवू लागल्या. पूर्वी दोन ठोके पडत तिथे आता एकच पडे, आणि तो थेट काळजाला लागे.

शेवटच्या कार्यक्रमानंतर त्यांना स्टुलावरून उठता येईना. आम्ही दोघांनी धरलं, तर विचारतात काय, "गाणं पडलं न्हाई ना रे?"

दिवाळीनंतर बाई गेल्या.

आम्ही घरी भेटायला गेलो. त्यांचे यजमान एसटीवर ड्रायव्हर. रविवारची ड्यूटी कधी चुकली नाही, त्यामुळे बाईंना त्यांनी स्टेजवर कधी ऐकलंच नव्हतं.

"तिचं कायतरी ऐकवा की," ते म्हणाले.

मी मोबाइलवर एक रेकॉर्डिंग लावलं. गाणं ऐकू येत होतं, गिटार ऐकू येत होती. त्यांनी मोबाइल कानाशी नेला, बराच वेळ तसाच धरला.

"ह्यात ती कुठं हाय?"

मी गाणं पुन्हा सुरू केलं आणि त्यांच्या हातावर बोटांनी बाईंचा ठेका देत राहिलो.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "रोज सकाळी कणीक मळताना परातीवर हेच वाजवायची. मी म्हणायचो, बंद कर, झोपू दे."