राहेलबाईंच्या तोंडावरचा पदर

राहेलबाईंना हसू आलं की आधी पदर तोंडावर जायचा. संगमनेरजवळच्या मिशनच्या शाळेत मी त्यांच्या हाताखाली नवी शिक्षिका म्हणून आले, तेव्हा मला वाटलं, किती लाजाळू बाई! लाजाळू कसल्या! रोज प्रार्थना संपली की त्या पोरांना रांगेत उभं करून एकेकाचे दात, जीभ, हिरड्या तपासायच्या. "आ कर. अजून मोठा. सकाळची भाकर दिसली पाहिजे मला." दात पिवळे दिसले की राखुंडीने घासून यायला पोराची घरी रवानगी व्हायची.

आम्ही दोघी शाळेमागच्या खोलीत राहायचो, त्यामुळे पदराचं कारण मला लवकरच कळलं. बाई रोज सकाळी चुलीपुढे बसून मिश्री लावायच्या. तंबाखू तव्यावर जाळून केलेली ती काळी पूड गावातल्या बहुतेक बायका दातांना लावत. बाईंना ती सवय आईकडून लागलेली. पण शाळेत शिकवणाऱ्यांना तंबाखूची सक्त मनाई होती. बाई विधवा, मागेपुढे कोणी नाही. नोकरी गेली तर खोलीही जाणार होती.

एका उन्हाळ्यात त्या डाव्या बाजूने भाकरी चावेनाशा झाल्या. मी फारच खनपटीला बसले, तेव्हा त्यांनी बोटाने गाल ओढून दाखवला. आत हिरडीपाशी हरभऱ्याएवढी कडक गाठ होती आणि भोवती पांढरा चट्टा. दवाखान्यात चला म्हटलं, तर वर्गातली शुद्ध भाषा सोडून माहेरच्या बोलीत म्हणाल्या, "अगं मार्थे, दुखत न्हाई तर काय दाखवायचं? दुखंल तवा बघू."

पुढे दुखू लागलं. मग त्या दुखऱ्या जागेवर मिश्रीच जास्त दाबू लागल्या, कारण तिने जागा बधिर व्हायची. आमच्याकडे दाढदुखीवर बायका हेच करत. मी रागावले, रडले, पाया पडले. एकदा तर नगरच्या मिशन दवाखान्यात न्यायचं म्हणून मोटारीत नेऊन बसवलं. मोटार सुटायच्या आत त्या खाली उतरल्या.

"दाक्तरापुढं तोंड उघडावं लागंल," त्या म्हणाल्या. "माझं दात बगितलं की शाळेच्या साहेबाच्या कानावर जाईल. मग मी जाऊ कुठं, सांग."

पावसाळा सरेपर्यंत गाठ सुपारीएवढी झाली, चिघळली, रक्त येऊ लागलं. जबडा आवळत गेला. पेजसुद्धा चमच्याने आत सोडावी लागे. पोरांची तपासणी बंद पडली. रात्रंदिवस एकच विचार माझं डोकं खात होता, की हे माणूस माझ्या डोळ्यांदेखत चाललं आहे. शेवटी त्या तापाने निपचित पडल्या, तेव्हा मी त्यांना नगरला नेलं.

डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात पाहिलं. काळ्या दातांबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. मीच भीत भीत विषय काढला, तर म्हणाले, असे दात मी रोजच पाहतो. मग बाईंच्या शेजारी बसून म्हणाले, "गाठ लहान होती तेव्हा का नाही आलात? तेव्हा कापून काढली असती. तोंडातली गाठ, चट्टा, जखम पंधरा दिवसांत गेली नाही की दाखवायची, बाई. दुखायची वाट पाहायची नाही. आता ही हाडात शिरली."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. ज्या दातांपायी त्यांनी दुखणं लपवलं होतं, त्या दातांचं कोणाला काही वाटतच नव्हतं. ती नजर आजही आठवली की मला जेवण जात नाही.

इलाज उरला नव्हता, म्हणून बाईंना मी परत खोलीवर आणलं. शेवटी शेवटी गावातल्या बाया भेटायला येत. खोलीत वास असे, म्हणून नाकाला पदर लावून उंबऱ्याशीच बसत. बाईंचं बोलणं केव्हाच थांबलं होतं. एका दुपारी त्यांनी स्वतःचा पदर बाजूला सारला. जेवढं उघडत होतं तेवढं तोंड उघडलं आणि समोरच्या बाईला हाताने खूण केली, आ कर. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. बाईंनी पुन्हा तीच खूण केली, पोरांना करायच्या तशी.

पाटलांच्या मळ्यावरची गोदाबाई पुढे सरकली. खिडकीच्या उजेडात तिने तोंड उघडलं. आत गालाला तसाच पांढरा चट्टा होता. बाईंनी माझा हात ओढून गोदाबाईच्या हातात दिला आणि दाराकडे बोट केलं.

सकाळच्या मोटारीने मी गोदाबाईला नगरला घेऊन गेले. डॉक्टरांनी तिचा चट्टा वेळेत काढला. आम्ही परत आलो, तेव्हा राहेलबाईंची खाट धुऊन अंगणात उभी केली होती.