इनॉक भावोजींच्या बिअरला जोडीदार

आमचे थोरले भावोजी, इनॉक आपटेकर, अख्ख्या पनवेलात बिअरवाले म्हणून ओळखले जात, आणि हा त्यांच्यावर धडधडीत अन्याय होता. पिणारा माणूस म्हणून ते अगदीच फालतू. एक बाटली संध्याकाळभर पुरवायचे. आधी पेला उजेडाला धरायचा, मग त्यात नाक खुपसायचं, मग एवढासा घोट, आणि मग डोळे मिटून बसायचं. माझी थोरली जाऊ झिल्पाबाई म्हणायची, "एवढं डोळे मिटून माझं मटण खाल्लं असतंत तर जन्माचं सार्थक झालं असतं माझ्या."

हा नाद लढाईच्या दिवसांतला. भावोजी मुंबईत लष्करी कँटीनच्या गोदामात कारकून होते. तिथल्या एका गोऱ्या सार्जंटाने त्यांना शिकवलं, की बिअर म्हणजे एक वस्तू नव्हे. पिवळी हलकी लागर वेगळी, कडवट पेल एल वेगळी, काळीकुट्ट स्टाउट तर तिसरंच प्रकरण. लढाई संपली, सार्जंट विलायतेला गेला, भावोजी पेन्शन घेऊन पनवेलला आले. ज्ञान घेऊन आले, पण इथे ते ऐकतो कोण?

त्यांना हवा होता फक्त एक माणूस. घोट घेईल आणि कशी लागली ते सांगेल, असा. माझ्या नवऱ्याला त्यांनी मोठ्या आशेने पेला दिला. त्याने तो घटाघटा रिकामा केला आणि म्हणाला, "थंड आहे." डॉक्टरांनी सांगितलं, लघवीला चांगली. शेजारच्या कमळाकर मास्तरांनी नुसता वास घेतला आणि घरी जाऊन आंघोळ केली. आमच्या सिनेगॉगचे हजान, म्हणजे प्रार्थना सांगणारे, त्यांनी पिण्याआधी इतकी लांब प्रार्थना म्हटली की फेस खाली बसला. मग घोट घेऊन विचारलं, "द्राक्षाची नाही का ही?"

पेल्यात कोणी दाद देईना, तेव्हा भावोजी स्वयंपाकघरात घुसले. स्टाउटमध्ये मटण शिजवलं, ते असं कडू झालं की मांजराने हुंगून पाठ फिरवली. खाडीतली बोइटं मासळी मात्र लागर घालून भिजवलेल्या तांदळाच्या पिठात बुडवून तळली, ती कुरकुरीत झाली. आणि सांदणं! आम्ही सांदणांचं पीठ माडी घालून फुगवतो. भावोजींनी माडीच्या जागी लागर ओतली. सांदणं टम्म फुगली, जाळी पडली, शेजारणी ताटल्या घेऊन आल्या. झिल्पाबाईने सगळं श्रेय आपल्या तांदळाला दिलं. मीही दिलं. खोटं कशाला बोलू, भावोजींना अजून एक संधी दिली असती तर त्यांनी चूल कायमची बळकावली असती.

मग दारूबंदी येणार येणार असं सुरू झालं. भावोजींनी दुकानं बंद व्हायच्या आत सहा बाटल्या आणून विहिरीत टोपलीने सोडून ठेवल्या. त्यांतली एक हिरवी, बुटकी, एका डच बोटीवरच्या खलाशाकडून मिळवलेली. ती त्यांनी स्वतःही चाखली नव्हती. "जोडीदार मिळाला की फोडीन," म्हणायचे.

तेवढ्यात आला आम्हा यहुद्यांचा पेसाह. जुन्या बायका त्याला अनाशी ढाकायचा, म्हणजे आंबवणाचं मडकं झाकायचा, सण म्हणत. आंबलेलं, फुगवलेलं काही म्हणता काही आठ दिवस घरात नको. घराला चुना मारला, भांड्यांना कल्हई झाली, आणि हजानसाहेब म्हणाले, "इनॉक, बिअर म्हणजे जव आंबवलेले. विहीरही घरातच धरायची."

"ओता खाडीत," झिल्पाबाईने निकाल दिला.

भावोजींचं तोंड असं उतरलं, की हजानसाहेबांनाच दया आली. म्हणाले, मुंबईकडे काही लोक असला माल सणापुरता परधर्मीयाला विकतात आणि सण झाल्यावर परत घेतात. पण विक्री खरी हवी, देणं-घेणं हवं.

खाडीकडेचा मिठागरवाला शिवा आमच्या घरोब्यातला. त्याला भावोजींनी सहा बाटल्या विकल्या, पाटीभर मिठाला. शिवाने पाटी ओट्यावर ठेवली आणि विचारलं, "म्हंजे आता ह्या माज्या?"

"अगदी तुझ्या," भावोजी म्हणाले. हजानसाहेबांनी मान हलवली. शिवा बाटल्या घेऊन गेला.

सण अर्ध्यावर आला असेल नसेल, गावात दवंडी पिटली. उद्या सकाळपासून दारू बंद. घरात बाटली सापडली तर तुरुंग. सरकारच्या बोलण्यावर विश्वास ठेवायची सवय आम्हांला अजून लागली नव्हती, म्हणून आधी कोणी काही आवरलंच नव्हतं, आणि आता सगळ्यांचीच धावपळ उडाली. दुपारी शिवा दारात उभा.

"काका, माल माजा, म्हंजे तुरुंगात पन मीच जानार."

भावोजी बिअर परत घेऊ शकत नव्हते, सण चालू. शिवा ठेवू शकत नव्हता, सरकार. देव आणि सरकार असे दोन्हीकडून एकदम आलेले मी तरी दुसऱ्यांदा पाहिले नाहीत.

"तर आज आमी ती संपवतो," शिवा म्हणाला. "पन तुमी या. कशी प्यायाची ते आमाला ठावं नाय."

भावोजींनी चपला घातल्या. झिल्पाबाईने मला मागोमाग पिटाळलं. "मिरियम, थेंब जरी ओठाला लागला तर मला येऊन सांग."

शिवाच्या अंगणाला लागूनच मिठाचे ढीग होते. शिवाने पहिली लागर फोडली आणि भावोजी नाकाचं काही सांगायच्या आत ती उभ्या उभ्या संपवली. आम्ही वाट पाहत राहिलो.

"थंड हाय," शिवा म्हणाला.

भावोजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांचा दावा हरवला होता. खरंच वाईट वाटलं मला.

शिवाची बायको गोदू चुलीशी बोइटं तळायला बसली होती. भावोजींच्या सांगण्यावरून तिने दुसऱ्या लागरचा अर्धा भाग पिठात ओतला, उरलेल्यात बोट बुडवून चाखलं, मग भांडंच तोंडाला लावलं. आणि थांबली.

"काका," ती म्हणाली, "ह्याला नव्या भाताच्या कोंड्याचा वास हाय. मलनी झाल्यावर खळ्यात येतो ना, तसा."

भावोजी उठून उभे राहिले.

"शिवा, पेल एल फोड! हिला दे! तू नको!"

गोदूने पेल एल घेतली, तोंड वाकडं केलं, आणि पुन्हा घेतली. "कारल्यावानी हाय. पयल्या घासाला शिवी द्यायाची, दुसरा मागून घ्यायाचा." दुसरी पेल एल तिला पहिलीपेक्षा उतरलेली वाटली. भावोजींनी कबूल केलं, ती विहिरीत जरा जास्तच राहिली होती. मग स्टाउट. "गूळ करताना कढईच्या बुडाला लागतो, पोरं खरवडून खातात, तो." ह्याच्यात मटण शिजवलं होतं म्हटल्यावर ती हसत सुटली. "आवो काका, ही मटनात नाय, ही मटनाबरोबर!"

शिवा कधीच ढिगाला टेकून झोपी गेला होता. तळलेल्या बोइटांचा वास सुटला होता आणि मी पदर नाकाला लावून पहारा देत होते. भावोजी कोरड्या तोंडाने पुढे पुढे सरकत होते. "आणि नंतर? गिळल्यावर काय राहतं?" गोदू सांगत होती. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं खूश कधी पाहिलं नव्हतं, त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही.

उरली ती हिरवी बुटकी.

गोदूने ती हातात घेतली आणि परत खाली ठेवली. "ही तुमाला ठेवते. मिठाच्या ढिगात पुरते, पोलिसाच्या बापाला नाय गावायची. सन झाला की या, दोगं मिलून पिऊ."

भावोजी बाटलीकडे बघत बसले. माझी हरकत नव्हती; झिल्पाबाईने ओठांवर नजर ठेवायला सांगितलं होतं, मिठाबद्दल काही सांगितलं नव्हतं. शेवटी त्यांनी मान हलवली. "सापडली तर तुला नेतील, पोरी. फोड."

गोदूने झाकण उडवलं. न सांगता पेला उजेडाला धरला, नाक नेलं, एवढासा घोट घेतला आणि डोळे मिटले. भावोजींनीही मिटले.

"सांग," ते म्हणाले.

गोदूने दुसरा घोट घेतला. मग अगदी ओशाळून म्हणाली, "काका, ही सांगता येत नाय."

ह्याच एका बाटलीची चव त्यांना जन्मात कळणार नव्हती. भावोजींचे डोळे मिटलेलेच होते, आणि मिटल्या डोळ्यांनीच ते हसले.

"मग अजून एक घोट घे," ते म्हणाले. "सकाळ व्हायला वेळ आहे."